वाचक विचारतात : पांढरा घोडा नेमका दिसतो कुठून?

दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाच्या टेकड्यांवर कोरलेल्या पांढऱ्या आकृत्यांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं साठली. बहुतेक पत्रं तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत, थोडी इथल्यांचीही. त्यांतली निवडक, उत्तरांसह.

प्रश्न : पुण्याहून सासू-सासरे आले होते, म्हणून त्यांना अफिंग्टनचा पांढरा घोडा दाखवायला नेलं. गाडी वर लावली, वाऱ्यातून चालत पोचलो, तर गवतात चार-पाच पांढरे पट्टे! सासरे म्हणाले, "घोडा बाहेर गेलाय वाटतं." आमचं कुठे चुकलं? – एक वाचक, लंडन

चुकली ती जागा आणि क्रम. हा घोडा सुमारे ११० मीटर लांब आहे आणि टेकडीच्या अगदी खांद्यावर आहे, जिथे उतार संपून माथ्याचं सपाट गवत सुरू होतं. त्याच्या जवळ उभं राहणं म्हणजे भिंतीएवढ्या रांगोळीच्या काठावर नाक टेकवणं. एक पाय दिसेल, मानेचा तुकडा दिसेल, चोचीसारखं तोंड आणि गोल डोळा दिसेल, पण घोडा म्हणून काही जुळणार नाही. थेट खालच्या गावातूनही तो पूर्ण दिसत नाही, कारण माथ्याकडचा भाग नजरेआड जातो.

म्हणून आधी लांबून पाहा, मग वर जा. टेकडीच्या उत्तरेला सखल खोरं आहे. त्यातल्या लाँगकॉट, फर्नहॅम या गावांच्या बाजूने, चार-पाच किलोमीटरवरून, धावता घोडा ओळखू येतो. एवढ्या अंतरावरून तो किती मोठा दिसेल? हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा. तिच्या जाडीच्या साधारण दीडपट लांबी. म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण मोबाइलच्या साध्या फोटोत पांढरी सुरकुती येते. आठपटीची दुर्बीण न्या. कॅमेरा असेल तर २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, आणि शेताचं फाटक दिसलं की तिथे गाडी लावायचा मोह होतो. तो टाळा. ट्रॅक्टर आला की चालक खाली उतरून बोलतो, आणि ते बोलणं फार गोड नसतं.

उजेडाचंही गणित आहे. उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला, टेकडीच्या मागे, खालीच राहतो. उतार सावलीत आणि तुमच्या डोळ्यांत ऊन. मे ते ऑगस्टमध्ये दुपारी चारनंतर तिरपं ऊन उतारावर येतं, तेव्हा पाहा. पाऊस पडून गेल्या गेल्या जाऊ नका. ओला खडू राखाडी दिसतो. पावसानंतर एक कोरडा, वाऱ्याचा दिवस गेला की हवा धुतलेली असते आणि घोडाही पांढरा झालेला असतो.

वर जायचा रस्ता बी ४५०७ या रस्त्यावरून फुटतो. वाँटेज गावापासून पश्चिमेला साधारण दहा-अकरा किलोमीटर. ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या वाहनतळावर पैसे पडतात, सभासदांना माफ. घोडा पाहायला मात्र तिकीट नाही. रेल्वेने यायचं तर पॅडिंग्टनहून स्विंडन आणि तिथून टॅक्सी. परतीची टॅक्सी तिथेच ठरवून ठेवा, टेकडीवर मिळेल या भरवशावर राहू नका. वर दुकान, स्वच्छतागृह, छपर यांतलं काहीही गृहीत धरू नका. पाणी, डबा आणि वारा अडवणारं जाकीट सोबत हवं, जुलैतही. वाहनतळापासून घोड्यापर्यंतची वाट गवतावरून चढत जाते. ढकलखुर्चीची लहान चाकं तिथे रुततात. गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठी घोड्याखालून जाणारा अरुंद रस्ता आणि ड्रॅगन हिलच्या आसपासचा भाग बरा.

ड्रॅगन हिल म्हणजे घोड्याच्या पायथ्याशी असलेली सपाट माथ्याची छोटी टेकडी. संत जॉर्जने इथेच ड्रॅगन मारला आणि त्याचं रक्त सांडलं तिथे गवत उगवत नाही, अशी दंतकथा आहे. माथ्यावर खरंच एक उघडा पांढरा चट्टा आहे. शेजारी खोल घळ दिसेल, तिचं नाव 'मँजर', म्हणजे गव्हाण. घोडा रात्री उतरून तिथे चरतो म्हणे. घळीच्या कडेला पन्हाळीसारख्या उभ्या चुण्या आहेत, त्या हिमयुगात गोठण्या-वितळण्याने पडल्या. घोड्याच्या वर 'अफिंग्टन कॅसल' असं नाव वाचून राजवाडा शोधू नका. तो लोहयुगातला मातीचा तट आणि खंदक आहे. राजगड-रायगड पाहिलेल्यांना तो किल्ला वाटणार नाही, पण तटावरून एक फेरी मारा. २६१ मीटर उंचीचा हा माथा ऑक्सफर्डशरमधला सर्वांत उंच. वेळ असेल तर 'रिजवे' या प्राचीन वाटेने पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटर चालून 'वेलँड्स स्मिदी' ही नवाश्मयुगीन दगडी समाधी गाठा. ती घोड्याहूनही दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा.

दोन गोष्टी कटाक्षाने. घोड्याच्या पांढऱ्या भागावर पाय ठेवायचा नाही. डोळ्यावर उभं राहून तीनदा गोल फिरलं की इच्छा पुरी होते, असं जुने लोक सांगत. तसं करणाऱ्यांनीच डोळा झिजवला असता. आणि ड्रोन नेऊ नका, ट्रस्टच्या जमिनीवरून परवानगीशिवाय उडवता येत नाही.

प्रश्न : गवत खरवडून काढलेल्या रेघेचं वय कसं ठरवतात? खडू तर कोट्यवधी वर्षांचा असणार. – एक विद्यार्थिनी, नाशिक

शंका रास्त आहे. खडूचं वय काढून उपयोग नाही. तो डायनासोरांच्या काळात समुद्रतळाशी साचला. मोजायचं असतं ते वेगळंच : रेघ खणल्यानंतर तिच्यात गाडली गेलेली माती शेवटची कधी उन्हात होती?

मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेच्या वाळूचे बारीक कण असतात. आजूबाजूच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे त्यांच्यात हळूहळू ऊर्जा साठत जाते. कण उन्हात आला की साठा रिकामा होतो. वर दुसरा थर पडून अंधार झाला की साठा पुन्हा शून्यापासून सुरू. प्रयोगशाळेत त्या कणांवर ठरावीक प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा मंद उजेडाच्या रूपात बाहेर पडते. ती मोजायची, आणि त्या जागी दर वर्षी किती साठते याने भागायचं. उत्तर वर्षांत येतं. या पद्धतीला ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स) म्हणतात.

घोटाळे कुठे होतात तेही सांगायला हवं. नमुना घेताना क्षणभर ऊन लागलं तर नमुना वाया, म्हणून थरात बंद नळी ठोकून तो काढतात आणि लाल अंधुक उजेडातच उघडतात. ससे आणि गांडुळं वरची माती खाली नेतात, मग वय खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. जमिनीतला ओलावा किरणोत्सार शोषतो, त्याचा हिशोब चुकला तर उत्तर सरकतं. म्हणूनच या पद्धतीचं उत्तर एका सालात न येता पट्ट्यात येतं. अफिंग्टनच्या घोड्यासाठी १९९० साली खणून घेतलेल्या नमुन्यांवरून इ.स.पू. १३८० ते ५५० असा पट्टा निघाला. म्हणजे कांस्ययुगाची अखेर किंवा लोहयुगाची सुरुवात. त्याच खणण्यात आणखी एक गोष्ट कळली. घोडा म्हणजे नुसतं गवत सोललेलं नाही, सुमारे मीटरभर खोल चर खणून त्यात खडू ठासून भरलेला आहे.

प्रश्न : विल्टशरमध्ये एका दिवसात तीन पांढरे घोडे पाहिले. सगळे इतकेच जुने का? – एक वाचक, स्विंडन

नाहीत. प्रागैतिहासिक घोडा एकटा अफिंग्टनचा. वेस्टबरीचा आजचा घोडा १७७८ चा, चेरहिलचा १७८०, ऑल्टन बार्न्सचा १८१२, प्यूझीचा तर १९३७ चा. डॉर्सेटमधला ऑस्मिंग्टनचा घोडा १८०८ चा असून त्यावर राजा तिसरा जॉर्ज बसलेला आहे. ओळखायची सोपी खूण अशी : घोडा जितका खऱ्या घोड्यासारखा, तितका तो नवा. चार पाय, शेपूट, कान जागच्या जागी असतील तर अठराव्या शतकानंतरचा समजा. अफिंग्टनचा घोडा चार-पाच फटकाऱ्यांत उभा आहे, काहींना तर तो घोडा वाटतच नाही.

प्रश्न : ससेक्समधला विल्मिंग्टनचा 'लाँग मॅन' पाहिला. जवळ जाऊन बघतो तर पांढरे रंगवलेले सिमेंटचे ठोकळे! फसवणूकच की ही. पुरातन म्हणून का मिरवतात? – एक वाचक, ब्रायटन

ठोकळे आहेत हे खरं, फसवणूक म्हणता येणार नाही. दोन्ही हातांत काठ्या धरलेला, ७२ मीटर उंचीचा हा बाह्याकार विंडोव्हर हिलच्या उभ्या उत्तर उतारावर आहे. १८७४ पूर्वी तो गवतातली पुसट घडी होता, विशिष्ट तिरप्या उजेडात किंवा हलक्या बर्फात तेवढा उमटायचा. त्या वर्षी त्याची रेघ विटांनी आखली. १९६९ मध्ये विटा काढून सिमेंटचे ठोकळे बसवले, ते अधूनमधून रंगवतात. उतार इतका उभा आहे की खडू भरला तर पावसाबरोबर पायथ्याशी येऊन बसेल. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून त्याला हिरवा रंग दिला होता.

पुरातन दिसतो याबद्दल मात्र तुमचा राग योग्य जागी आहे. शंभर-दीडशे वर्षं त्याला कोणी रोमन म्हणालं, कोणी सॅक्सन, कोणी अश्मयुगीन. २००३ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या मार्टिन बेल यांनी पायथ्याशी घसरून साचलेल्या खडूच्या कपच्यांचा अभ्यास केला. कपच्यांचा मोठा लोट सोळाव्या-सतराव्या शतकात आला होता. आकृती तेव्हाच खणली गेली असावी असा त्याचा अर्थ. त्याचं पहिलं ज्ञात चित्र १७१० चं आहे.

पाहायला जाल तेव्हा उंचीकडे लक्ष द्या. विमानातून काढलेल्या फोटोत तो काडीसारखा लांबोडका दिसतो, खालून मात्र माणूस प्रमाणात वाटतो. पोलगेट स्थानकापासून विल्मिंग्टन साधारण साडेतीन किलोमीटर, गाव ओलांडलं की प्रायरीजवळच्या (जुन्या छोट्या मठाजवळच्या) वाहनतळावरूनच तो समोर येतो. पायथ्यापर्यंत वाट आहे. पुढे उतारावर चढू नका, ठोकळे निसटतात आणि माणसंही. परतताना चर्चच्या आवारातला टेकू लावलेला जुना यू वृक्ष पाहायचा राहू देऊ नका. वयाच्या बाबतीत लाँग मॅनने त्याच्यासमोर मान खाली घालावी.

प्रश्न : सर्न अबासचा राक्षस मुलांना दाखवावा का? मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आणि सोबत आजी आहेत. – एक आई, बाथ

दाखवा. डॉर्सेटमधला हा ५५ मीटरचा गदाधारी पुरुष पूर्ण नग्न आहे आणि चित्रकाराने काही झाकलेलं नाही, उलट ठळक केलं आहे. मुलं दोन मिनिटं हसतात आणि मग गदेकडे वळतात, ती एकटीच ३७ मीटर आहे. आजींना आधी सांगून ठेवा एवढंच. ए ३५२ रस्त्याला लागून पाहण्यासाठी गाड्या थांबवायची जागा केली आहे, राक्षस समोरच्या पश्चिम उतारावर आहे. म्हणजे दुपारनंतर जा. आकृतीभोवती कुंपण आहे, आत जायचं नाही. वर टेकडीवर चढून काही मिळत नाही, तिथून तो दिसतच नाही.

मोठ्यांना सांगण्याजोगं जास्त आहे. काही अभ्यासकांना तो प्रागैतिहासिक किंवा रोमन, हर्क्युलिसचा वाटे. काहींच्या मते तो सतराव्या शतकात राजेशाही उलथवून इंग्लंडवर राज्य करणाऱ्या क्रॉमवेलचं व्यंगचित्र होता, कारण त्याची पहिली लेखी नोंद १६९४ ची आहे : चर्चच्या हिशेबात राक्षसाच्या दुरुस्तीला ३ शिलिंग. २०२० मध्ये वर सांगितलेल्या ओएसएल पद्धतीने नमुने तपासले आणि २०२१ मध्ये निकाल आला, इ.स. ७०० ते ११००. दोन्ही गट चुकले. मातीतल्या अगदी बारीक गोगलगाईंनीही तेच सुचवलं होतं. त्यांतल्या काही जाती ब्रिटनमध्ये मध्ययुगातच आल्या. मधली काही शतकं तो गवताखाली गेला असावा, म्हणून जुन्या कागदांत त्याचा उल्लेख सापडत नाही. खालच्या गावातला मठ ९८७ चा. भिक्षूंच्या डोक्यावर असा गृहस्थ उभा होता की गाडला गेला होता, यावर मंडळी अजून वाद घालतात.

प्रश्न : आमच्याकडे कशेळीचा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे अशी कातळशिल्पं आहेत. त्यांना कोणी दर वर्षी घासत नाही, तरी टिकली. मग इंग्लंडच्या घोड्याचं एवढं कौतुक कशाला? – एक वाचक, राजापूर

दोन्हींचं दुखणं वेगळं आहे. कातळशिल्पं सड्यावरच्या जांभ्यात कोरलेली आहेत. दगड वजा केला की आकृती उरते, आणि ती सपाटीवर असते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर आहे, त्याच्या कडेने फिरत तो वाचावा लागतो. त्याला गवत गिळत नाही. त्याला धोका खोदकामाचा, रस्त्याचा, वरून जाणाऱ्या गाडीचा. वयाचाही प्रश्न अवघड : उघड्या कातळावरच्या खाचेत अंधारात बंद झालेला जुना थर सहसा नसतो, त्यामुळे घोड्याचं वय काढणारी पद्धत तिथे सरळ लावता येत नाही.

खडूची आकृती याच्या उलट. तिला हात लावला नाही तर दोन-तीन दशकांत ती गवताखाली जाते. वरच्या कडेची माती हळूहळू खाली सरकते आणि रेघेचा काठ झाकते, पाऊस खालच्या कडेचा खडू आणखी खाली नेतो. रेघ बारीक होत होत उतारावरून सरकते. अफिंग्टनच्या घोड्याचं डोकं आणि मान अशीच अरुंद झाली होती, त्यांची रुंदी २०२४ मध्ये पूर्ववत केली. म्हणजे तीन हजार वर्षं कोणी ना कोणी हे काम करत आलं. राज्यं बदलली, भाषा बदलली, धर्म बदलला. कौतुक आहे ते याचं.

काम दिसायला साधं. गुडघ्यावर बसायचं, रेघेतलं तण मुळासकट उपटायचं. काठ सरळ कापायचा, पण डोळ्याच्या अंदाजाने नव्हे, जुन्या मोजमापावर खुंट्या ठोकून. इथेच जास्तीत जास्त बिघडतं : प्रत्येकाने 'जरासं' नीट केलं की दहा वर्षांत घोड्याचा पाय जाडजूड होतो. मग ताज्या खडूचे ढेकूळ पसरायचे आणि हातोड्याने फोडत, ओलसर लगदा होईपर्यंत चोपायचे. नुसता चुरा टाकला तर पहिल्याच सरीत वाहून जातो. लगदा बसला की वाळून घट्ट थर होतो. सर्नच्या राक्षसाला २००८ मध्ये असा १७ टन खडू हाताने ठोकून भरला. शेणाने सारवलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आमच्या शेतामागच्या टेकडीवर चुन्याने मोठा घोडा काढता येईल का? मुंबईला जाणाऱ्या गाडीतून दिसावा अशी इच्छा आहे. – एक शेतकरी, इगतपुरी तालुका

चुन्याने काढाल तर पहिल्या जूनपर्यंत टिकेल. दक्षिण इंग्लंडमध्ये वितीभर मातीखाली पांढरा खडूच आहे, गवत सोललं की रंग आपोआप मिळतो. तुमच्याकडे माती सोलली की मुरूम आणि त्याखाली काळा बसाल्ट. शिवाय तिथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, इगतपुरीचा चार महिन्यांत कोसळतो. चरात भरलेली कुठलीही पांढरी माती वाहून जाईल आणि चर म्हणजे उताराला पडलेली नवी घळ ठरेल. खणूच नका.

लाँग मॅनचा मार्ग घ्या. टेकडी स्वतःच्या सातबाऱ्यावर असल्याची खात्री करा, वनखात्याची असेल तर विषय संपला. गोटे गोळा करून रंगवा आणि उतारावर रेघ मांडा. प्रत्येक गोट्याचा खालचा तिसरा हिस्सा जमिनीत बसवा, नाहीतर गुरं ते लोळवतील. रेघ किमान हातभर रुंद ठेवा, त्याहून बारीक रेघ किलोमीटरभरावरून विरते. पावसाळ्यात गवत कमरेएवढं येईल, तेव्हा घोडा गायब होणारच. दसऱ्याच्या सुमारास कापणी झाली की परत दिसेल.

आकृती कागदावरून जशीच्या तशी उतरवू नका. उतार ३० अंशांचा असेल तर समोरून लांबून पाहणाऱ्याला तिची उंची निम्मीच दिसते, रुंदी मात्र पूर्ण. म्हणून उतारावरची उंची दुप्पट ताणा. उतार २० अंशांचा असेल तर जवळजवळ तिप्पट. आधी खुंट्या आणि सुतळीने बाह्याकार मांडा, एका माणसाला फोन देऊन रुळांच्या बाजूला, पण रुळांपासून लांब, उभं करा आणि तो सांगेल तशा खुंट्या हलवा. गोटे त्यानंतर.